डॉ. होमी जहांगीर भाभा आणि यंत्राची भाषा

आपल्या घुग्घुस गांवच्या रस्त्यानें कोळशाचे ट्रक रात्रंदिवस जात-येत असतात, हें दृश्य आपणां सर्वांस परिचित आहे. खाणींतून निघालेला ट्रक काट्यावर चढतो, क्षणभर थांबतो, आणि काट्याच्या खोलींत बसलेल्या कारकुनासमोर वजनाचा आंकडा उमटतो. लागलीच पावतीही बाहेर पडते. पूर्वी या कामीं वजन सरकवून दांडी समतोल करावी लागे. आतां तें काम नखाएवढ्या तुकड्यांत बसविलेलें एक गणकयंत्र करतें. ट्रकाच्या भारामुळें उत्पन्न झालेला सूक्ष्म विद्युत्संकेत तें वाचतें, त्यावरून वजन ठरवितें, त्यांतून रिकाम्या ट्रकाचें वजन वजा करतें व बाकी मांडतें. परंतु वजा करण्याची आज्ञा त्याला मराठींत कळत नाहीं, हिंदींत कळत नाहीं, आणि इंग्रजींतही कळत नाहीं. त्याची स्वतःची एक भाषा आहे, आणि तींत शून्य व एक या दोन खुणांखेरीज तिसरी खूण नाहीं.

ही भाषा आपल्या देशांतील तरुणांनीं मुळापासून शिकावी, आणि तीही स्वतःच्या हातानें बांधलेल्या यंत्रावर शिकावी, अशा कार्यास ज्यानें सुमारें सत्तर वर्षांपूर्वी मुंबईंत पाठबळ दिलें, त्या थोर पुरुषाचें चरित्र आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. डॉ. होमी भाभा यांचें नांव ज्याच्या कानावर आलें नाहीं असा विद्यार्थी विरळा. परंतु अणुशक्तीचे प्रवर्तक म्हणून त्यांची जी कीर्ति झाली, तिच्या तेजांत त्यांच्या कार्याची ही दुसरी बाजू कांहींशी झांकून गेली आहे. ती उघडून पाहिली असतां एक प्रश्न आपणांसमोर उभा राहतो. जी वस्तु पैसे देऊन आणतां येते, ती स्वतः करण्यांत वर्षें घालवावीं कीं नाहीं? या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

होमी यांचा जन्म मुंबई येथें ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं एका सुसंस्कृत पारशी कुटुंबांत झाला. वडील जहांगीर होरमसजी भाभा हे बॅरिस्टर होते. आजोबा म्हैसूर संस्थानांत शिक्षणखात्याचे वरिष्ठ अधिकारी होते, आणि आत्या या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. अशा रीतीनें विद्या आणि उद्योग या दोहोंचे संस्कार त्यांस घरींच लाभले. घरांत उत्तम ग्रंथसंग्रह होता. संगीत व चित्रकला यांचीही गोडी त्यांस बाळपणापासून लागली. कॅथीड्रल अँड जॉन कॉनन हायस्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या मुंबईंतील विद्यालयांत शिक्षण घेऊन १९२७ सालीं ते इंग्लंडांत केंब्रिज येथें गेले.

मुलानें यंत्रशास्त्राचा अभ्यास करून इंजिनियर व्हावें व जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यांत काम करावें, अशी घरच्या वडील माणसांची इच्छा होती. होमींचें मन मात्र गणित व पदार्थविज्ञान यांकडे ओढ घेत होतें. त्यांनीं आपली इच्छा पत्रानें वडिलांस मोकळेपणानें कळविली. वडिलांनींही रागावून न जातां एक अट घातली. ती अशी कीं, यंत्रशास्त्राची परीक्षा प्रथम वर्गांत उत्तीर्ण व्हावें. मग गणिताच्या शिक्षणाचा खर्च ते देतील. १९३० सालीं होमींनीं ती अट पुरी केली, आणि १९३२ सालीं गणिताची परीक्षाही प्रथम वर्गांतच उत्तीर्ण केली. वडिलांचें ऐकलें म्हणून स्वतःची आवड गेली नाहीं, आणि आवडीच्या मागें लागतांना वडिलांचा मान मोडला नाहीं. या तडजोडीचें फळ पुढें साऱ्या देशास मिळालें. कारण जो मनुष्य कागदावरचें समीकरण व कारखान्यांतील यंत्र या दोहोंकडे सारख्याच विश्वासानें पाहूं शकतो, असा पुरुष तीमुळें घडला.

केंब्रिज येथें त्यांनीं अंतराळांतून पृथ्वीवर येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास केला व डॉक्टरची पदवी मिळविली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन हे दोन कण एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचें त्यांनीं १९३५ च्या सुमारास जें गणित मांडलें, तें आजही जगभर भाभा यांच्याच नांवानें ओळखलें जातें. १९३७ सालीं वाल्टर हाइटलर यांच्या सहकार्यानें त्यांनीं आणखी एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. विश्वकिरणांतील एक वेगवान कण वातावरणांत शिरतांच त्यापासून दोन, दोहोंपासून चार असे कण उत्पन्न होत जाऊन त्यांचा वर्षावच कसा होतो, हें त्यांनीं दाखविलें. अशा सिद्धांताची सूत्रें मांडणें ही एक गोष्ट, आणि त्यांतून प्रयोगाशीं ताडून पाहण्याजोगे आंकडे काढणें ही दुसरी. पहिलीस बुद्धि लागते; दुसरीस बुद्धीबरोबर दिवसेंदिवस चालणारी आंकडेमोड लागते. गणितज्ञाचा किती वेळ या आंकडेमोडींत जातो, हें भाभांस अनुभवानें ठाऊक होतें.

१९३९ सालीं ते सुटीसाठीं स्वदेशीं आले असतां युरोपांत महायुद्ध पेटलें आणि परतण्याचा मार्ग बंद झाला. बंगळूर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेंत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या सहवासांत त्यांनीं अध्यापन व संशोधन आरंभिलें. १९४१ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. युद्ध संपल्यावर परदेशांतील एखादें मानाचें अध्यापकपद त्यांस सहज मिळालें असतें. पण या चार-पांच वर्षांत त्यांचा विचार पालटला. आपल्या देशांतील हुशार तरुणांस संशोधनासाठीं देश सोडावा लागूं नये, अशी संस्था येथेंच उभारणें हें आपलें कर्तव्य होय, असें त्यांस वाटूं लागलें. मार्च १९४४ मध्यें त्यांनीं दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या चालकांस पत्र लिहून अशा संस्थेची योजना मांडली. अणुशक्तीचा उपयोग वीज उत्पन्न करण्याकडे होऊं लागेल तेव्हां भारतास तज्ज्ञांसाठीं परदेशाच्या तोंडाकडे पाहावें लागूं नये, हा तींतील मुख्य मुद्दा होता. अणुशक्तीचा भयंकर प्रत्यय जगास येण्यापूर्वी सव्वा वर्षाहून अधिक काळ हें पत्र लिहिलेलें होतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

१९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूर येथें सुरू झाली व त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईंत पेडर रोडवरील एका बंगल्यांत आली. पुढें १९४९ सालीं ती गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबाच्या इमारतींत गेली. याच संस्थेंत आरंभापासून एक असामान्य मराठी गणिती काम करीत होते. ते म्हणजे गोमंतकांतील कोसबें गांवीं जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. पुढें प्राचीन भारताच्या इतिहासकारांत ते अग्रगण्य ठरले, म्हणून त्यांचें गणित लोक विसरले. परंतु १९४८-४९ सालीं ते युनेस्कोची शिष्यवृत्ति घेऊन इंग्लंड व अमेरिका येथें गेले होते, तें नव्यानें निघालेल्या विद्युत् गणकयंत्रांची माहिती मिळविण्याकरितांच. भाभा व कोसंबी यांचीं मतें पुढें जुळलीं नाहींत, आणि १९६२ सालीं कोसंबींचा संस्थेशीं संबंध सुटला. तरी गणकयंत्राचें महत्त्व या संस्थेंत किती लवकर ओळखलें गेलें होतें, हें या गोष्टीवरून दिसतें.

हीं गणकयंत्रें काय होतीं, हें आतां थोडक्यांत सांगितलें पाहिजे. त्याविना पुढील भाग समजणार नाहीं.

एक लांबलचक कपाट कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावें. त्यास हजारों कप्पे आहेत व प्रत्येक कप्प्यास क्रमांक आहे. कप्प्यांत एक संख्या ठेवतां येते. पण ती शून्य व एक या दोनच अंकांनीं लिहिलेली असावी लागते, कारण विजेस प्रवाह आहे किंवा नाहीं एवढेंच ओळखतां येतें. कपाटाशेजारीं एक कारकून बसला आहे. त्याच्यापुढें एकच पाटी आहे. अमुक कप्प्यांतील संख्या पाटीवर आण, तमुक कप्प्यांतील संख्या तींत मिळव, उत्तर अमक्या कप्प्यांत ठेव, अशा आज्ञा तो एकामागून एक पाळतो. अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें जॉन फॉन नॉयमान व त्यांचे सहकारी यांनीं जी रचना आंखली, तिची खुबी अशी कीं, या आज्ञादेखील संख्यांच्याच रूपानें त्याच कपाटांत ठेवलेल्या असत. तेथील प्रत्येक कप्पा ४० अंकांचा होता. त्यांत प्रत्येकीं २० अंकांच्या दोन आज्ञा मावत. आज्ञेचे पहिले ८ अंक काय करावयाचें तें सांगत आणि उरलेले १२ अंक कोणत्या कप्प्यावर करावयाचें तें सांगत. त्या कपाटास कप्पे होते १०२४.

शून्य-एकांच्या या आज्ञांस यंत्रभाषा म्हणतात. ती मनुष्यास लिहिण्यास क्लेशदायक. एक अंक चुकला तर बेरजेच्या जागीं दुसरेंच कांहीं घडावयाचें. म्हणून प्रत्येक आज्ञेस एक लहानसें नांव द्यावें, मनुष्यानें तें नांव लिहावें, आणि नांवावरून अंक करण्याचें काम यंत्राकडेच सोंपवावें, अशी युक्ति निघाली. भाभा ज्या केंब्रिजमध्यें शिकले तेथेंच १९४९ सालीं एडसॅक नांवाचें यंत्र सुरू झालें. त्यावर बेरजेसाठीं एक अक्षर, वजाबाकीसाठीं दुसरें अक्षर असें लिहितां येई. आज जिला असेंब्ली भाषा म्हणतात, तिचा हा आरंभकाळ होय. ही भाषा यंत्रभाषेची सावलीच आहे: येथली एक ओळ म्हणजे बहुधा तेथली एक आज्ञा. म्हणूनच जो ती शिकतो, त्यास यंत्राच्या आंत काय चाललें आहे हें पायरीपायरीनें दिसतें.

आतां मुंबईकडे वळूं. १९५४ सालीं रंगस्वामी नरसिंहन हे अमेरिकेंत शिक्षण घेतलेले विद्वान भाभांच्या संस्थेंत दाखल झाले. त्यांच्या भोंवतीं तरुणांचा एक लहानसा गट जमला आणि गणकयंत्र येथेंच बांधण्याचें ठरलें. त्या तरुणांतील बहुतेकांनीं असें यंत्र वापरलेलें नव्हतें. बांधलेलें तर मुळींच नव्हतें. देशांत हा धंदा नव्हता, सुटे भाग मिळण्याची सोय नव्हती, विचारावें असा जाणता जवळ नव्हता. भाभा त्या वेळीं अणुशक्ति मंडळाचे अध्यक्ष होते, तुर्भे येथील प्रयोगशाळा उभारीत होते, आणि १९५५ सालीं जिनिव्हा येथें भरलेल्या अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयींच्या जागतिक परिषदेचें अध्यक्षपदही त्यांनींच भूषविलें. एवढ्या व्यापांत एखाद्यानें यंत्र विकत आणून मोकळें व्हावें, हेंच सोयीचें होतें. भाभांनीं ती सोय स्वीकारली नाहीं.

प्रथम एक लहान नमुना-यंत्र करावयाचें, त्यावर चुका करून शिकावयाचें, आणि मग मोठें यंत्र बांधावयाचें, असा क्रम ठरला. १९५६ च्या अखेरीस नमुना-यंत्र चालूं लागलें. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत तुर्भे येथें अप्सरा ही अणुभट्टी सुरू झालेली होती. त्या भट्टीचें इंधन इंग्लंडांतून आणलें होतें, पण भट्टीची आंखणी व बांधणी येथील लोकांची होती. भाभांची पद्धति कशी होती तें या जोडीवरून कळतें. जें आणल्याशिवाय चालणार नाहीं तें ते आणीत. जें केल्यानें माणसें तयार होतील तें ते येथेंच करवून घेत.

मोठें यंत्र फेब्रुवारी १९६० मध्यें कामास लागलें. रेडिओंत असत तसे सुमारें २७०० व्हॉल्व, १७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक त्यांत होते. त्याचा सांगाडा १८ फूट लांब व ८ फूट उंच असा पोलादी होता. स्मृतीसाठीं फेराइट नांवाच्या चुंबकीय द्रव्याचीं बारीक कडीं तारांत ओंवलेलीं होतीं. त्या काळीं ही रीत नवीन होती. कप्पे २०४८ व प्रत्येक कप्पा ४० अंकांचा. आज्ञा कागदी फितीवर छिद्रें पाडून आंत घालाव्या लागत, आणि उत्तराची आकृति दाखविण्यासाठीं कांचेचा पडदाही जोडलेला होता. जानेवारी १९६२ मध्यें कुलाबा येथील संस्थेच्या नव्या वास्तूचें उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें झालें. त्याच सुमारास या यंत्रास टिफ्रॅक हें नांवही त्यांनींच दिलें.

या यंत्रावर काम करणाऱ्यास शून्य-एकांची यंत्रभाषा शिकावी लागे. समोर एक प्रश्न असे, म्हणजे एखादें समीकरण सोडविणें. त्याचे तुकडे करावयाचे. त्या तुकड्यांचे आणखी तुकडे. शेवटीं आण, मिळव, वजा कर, ठेव, आणि उत्तर ऋण आल्यास अमक्या आज्ञेकडे वळ, इतक्या बारीक पायऱ्यांपर्यंत यावयाचें. पायरी गाळली तर यंत्र आपली बुद्धि लावून ती भरून काढीत नाहीं. ज्यास आपला विषय अर्धवट समजला आहे, त्याचें अज्ञान येथें लपून राहत नाहीं. यंत्राशीं बोलावयास शिकणें म्हणजे स्वतःचा विचार स्वच्छ करावयास शिकणें, हा धडा त्या तरुणांस असा मिळाला.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टिफ्रॅक पुरें होईपर्यंत जग पुढें गेलें होतें. व्हॉल्वांची जागा ट्रान्झिस्टरांनीं घेतली होती. ते लहान, थंड व टिकाऊ. ज्या रचनेवर वर्षेंच्या वर्षें खर्ची पडलीं, ती उद्घाटनाच्या दिवशींच जुनी ठरूं लागली होती. तिकडे कलकत्त्यास प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या संख्याशास्त्र संस्थेंत इंग्लंडाहून आणलेलें गणकयंत्र १९५५ सालींच येऊन पोंचलें होतें. आणि १९६४ सालीं खुद्द भाभांच्या संस्थेंतही सीडीसी ३६०० हें मोठें अमेरिकन यंत्र विकत आणून बसविण्यांत आलें. त्याचा कप्पा ४८ अंकांचा, कप्पे ३२ हजारांहून अधिक, आणि वेग टिफ्रॅकच्या कितीतरी पट. मग टिफ्रॅकवरचे श्रम वायां गेले काय? त्याऐवजीं पहिल्यापासूनच विकत आणिलें असतें तर वेळ व पैसा वांचला नसता काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. भाभांचा गौरव करतांना तो झांकून ठेवणें हें सत्यास धरून होणार नाहीं.

या आक्षेपाचें उत्तर यंत्रांची तुलना केल्यानें मिळतें. कलकत्त्याच्या यंत्राची स्मृति फिरत्या चुंबकीय ढोलावर होती. अशा ढोलाच्या यंत्रांत हवा असलेला कप्पा फिरत फिरत वाचकासमोर येईपर्यंत थांबावें लागतें. म्हणून चतुर लेखक पुढची आज्ञा अशा जागीं ठेवतो कीं ती वेळेवर समोर यावी. मुंबईच्या यंत्रांत कड्यांची स्मृति असल्यानें कोणताही कप्पा सारख्याच वेळांत मिळे. तेथें ही कसरत निरुपयोगी. एका यंत्राचा शहाणपणा दुसऱ्या यंत्रावर चालत नाहीं. पण आज्ञा क्रमानें घेणें, अट पाहून वळणें, तीच पायरी पुनःपुन्हा करविणें, हें दोहोंकडे समान. जो एकच यंत्र जाणतो, त्यास यंत्राची संवय व गणनेचा नियम यांतील भेद कळत नाहीं. ज्यानें एक यंत्र पोटांत शिरून पाहिलें आहे, तो दुसऱ्यासमोर उभा राहतांच विचारूं शकतो: याचा कप्पा केवढा? पाट्या किती? आज्ञा किती लांब? स्मृति कशी? मोठें यंत्र मुंबईंत आलें तेव्हां असे प्रश्न विचारणारीं माणसें तेथें तयार होतीं. यंत्र जुनें झालें. माणसें झालीं नाहींत. १९६९ सालीं तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रांत रचलेलें टीडीसी-१२ हें गणकयंत्र पुढें आलें, आणि १९९१ सालीं पुणें येथील सी-डॅक संस्थेनें परम ८००० हा महासंगणक उभा केला. या पुढच्या पिढ्यांस जी वाट मळलेली मिळाली, तिच्यावरचीं पहिलीं पावलें टिफ्रॅकच्या तरुणांचीं होतीं.

आपल्या बाजारांत मराठी, हिंदी, तेलुगु व गोंडी या भाषा एकाच वेळीं कानीं पडतात. ज्या मुलानें घरीं तेलुगु व शाळेंत मराठी ऐकली, त्यास पाणी व नीळ्ळु हे शब्द वेगळे असले तरी तहान एकच आहे, हें कोणी शिकवावें लागत नाहीं. प्रोसेसरांचेंही तसेंच आहे. आजही डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांस १९७६ सालीं निघालेला ८०८५ हा प्रोसेसर अभ्यासास असतो. त्यावर पांच व तीन यांची बेरीज करावयाची झाल्यास तीन ओळी पुरतात: पाटी ए वर पांच ठेव, पाटी बी वर तीन ठेव, बी ही ए मध्यें मिळव. यांतील शेवटच्या आज्ञेचें असेंब्ली भाषेंतील रूप ॲड बी, आणि यंत्रभाषेंतील रूप १०००००००. आठ अंक, एवढेंच! मेजावरच्या संगणकांत बहुधा असणाऱ्या इंटेलच्या वंशांतील प्रोसेसरास कप्प्यांतली संख्या परस्पर पाटीवरच्या संख्येंत मिळविण्याची आज्ञा देतां येते; त्याच्या आज्ञा लहानमोठ्या लांबीच्या, १ पासून १५ बाइटपर्यंत. आपल्या पालकांच्या खिशांतील मोबाईलमध्यें बहुधा एआरएम जातीचा प्रोसेसर असतो. त्याचा पहिला अवतार १९८५ सालचा, आणि तोही केंब्रिजचाच. तो कप्प्यावर परस्पर गणित करीत नाहीं. संख्या आधीं पाट्यांवर आणावी, दोन पाट्यांची बेरीज तिसरीवर मांडावी, मग ती कप्प्यांत ठेवावी, असा त्याचा शिस्तीचा खाक्या. मूळ रचनेंत त्याची प्रत्येक आज्ञा ४ बाइटांची. पहिल्यास थोड्या शब्दांत पुष्कळ सांगतां येतें. दुसऱ्याची रचना साधी राहते व वीज कमी लागते. कोणता चांगला, असें विचारण्यापूर्वी कोणत्या कामासाठीं, असें विचारावें लागतें.

आतां पुन्हा चरित्राकडे येऊं. १९६३ सालीं सरकारनें विद्युत्कण-उद्योगाचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली व तिचें अध्यक्षपद भाभांकडे सोंपविलें. गणकयंत्रें व त्यांचे भाग या देशांत कसे तयार व्हावेत, याचा आराखडा या समितीनें केला. तिचा अहवाल १९६६ सालीं प्रसिद्ध झाला. पण त्याचें पुढें काय होतें हें पाहण्यास भाभा राहिले नाहींत. २४ जानेवारी १९६६ रोजीं ते व्हिएन्ना येथील बैठकीसाठीं जात असतां, त्यांचें विमान आल्प्स पर्वतांतील माँ ब्लाँ शिखरावर आदळलें व आंतील सर्व प्रवासी मृत्यु पावले. त्या वेळीं भाभांचें वय अवघें ५६ वर्षांचें होतें. ते अविवाहित होते. पुढें तुर्भे येथील केंद्रास त्यांचें नांव देण्यांत आलें.

भाभा हे श्रीमंतींत वाढलेले, रसिक व नेटकेपणाचे भोक्ते होते. चित्रें ते स्वतः काढीत; पाश्चात्त्य संगीत त्यांस प्राणप्रिय होतें; संस्थेच्या भिंतींवर चांगलीं चित्रें असावीं व आवारांत वृक्ष असावेत, याकडे ते जातीनें लक्ष देत. असा मनुष्य व्हॉल्व, तारा व छिद्रांच्या फिती यांच्यासाठीं मन व धन वेंचतो, याचें प्रथम नवल वाटतें. पण विचार केला असतां नवल वाटूं नये. चित्रकार रंग स्वतः घोटतो तेव्हांच त्यास रंगाचा स्वभाव कळतो.

मित्रहो, आज तयार वस्तूंची वाण नाहीं. बोट लावलें कीं यंत्र उत्तर देतें; आणि त्या उत्तरामागें काय घडलें हें न जाणतांही दिवस सुखानें जातो. आपल्यांतील प्रत्येकानें यंत्र बांधावें असें कोणी म्हणणार नाहीं. भाभांनींही सर्व कांहीं येथेंच बांधावें असें केलें नाहीं. परंतु निदान एका यंत्राच्या तरी तळापर्यंत जावें, त्याच्याच भाषेंत त्याला एक बेरीज सांगून पाहावी, मग दुसऱ्या यंत्राची भाषा तिच्याशीं ताडून पाहावी. यास फार पैसा लागत नाहीं. ८०८५ चा अभ्यास वहींत पेन्सिलीनेंही आरंभितां येतो. पालकांसही एवढीच विनंती कीं, मुलानें घरांतलें एखादें मोडकें यंत्र उघडून बसल्यास वीज बंद आहे ना एवढें पाहावें, आणि मग त्यास थोडा वेळ तसेंच बसूं द्यावें. केंब्रिजहून आलेलें मुलाचें पत्र वाचून मुंबईच्या एका बॅरिस्टरानें रागाऐवजीं अट घातली, त्याचें फळ काय झालें तें आपण पाहिलेंच आहे.

उद्यां पुन्हा कोळशाचा ट्रक काट्यावर चढेल आणि आंकडा उमटेल. तेव्हां त्या आंकड्यामागें एकामागून एक धांवणाऱ्या आज्ञांची ओळ ज्याच्या डोळ्यांसमोर उभी राहील, त्यानें या चरित्राचें सार्थक केलें असें आम्ही समजूं.